नाकावरच्या पाच पुळ्या आणि साडेपाच महिने

दसऱ्याच्या संध्याकाळी, १२ ऑक्टोबर २०२४ला, आम्ही सोनं द्यायला नौपाड्यात नणंदेकडे गेलो होतो. चिकू तिच्या पाया पडला. तिने त्याची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं आणि मला म्हणाली, "वहिनी, ह्याला आत्तापासूनच मुरूम येतायत की काय?"

चिकू हे त्याचं घरातलं नाव. वय नऊ, चौथीत आहे. घरी आल्यावर मी मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. नाकाच्या शेंड्याच्या जरा वर, बोटभर जागेत, आडव्या ओळीत पाच पुळ्या होत्या. तीन पांढऱ्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या, आणि दोन लालसर. दुखत नव्हत्या, खाजतही नव्हत्या. गणपतीतले फोटो काढून मोठे करून पाहिले, तर त्यातही दोन दिसल्या. म्हणजे महिनाभर तरी त्या तिथे होत्या आणि रोज सकाळी त्याचा भांग पाडताना मला दिसल्या नव्हत्या. हे मला फार लागलं.

त्या रात्री मी इंटरनेटवर शोधायला बसले. मराठीत कामाचं काही हाताला लागलं नाही आणि इंग्रजीत जे सापडलं त्याने झोप उडाली. म्हणून हे सगळं तारखांसकट, खर्चासकट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. आमच्या घरात जे घडलं तेवढंच सांगू शकते.

पहिले दहा दिवस घरगुती उपायांत गेले. सासूबाईंनी जायफळ दुधात उगाळून लावलं. नाकाची कातडी कोरडी पडून पापुद्रे निघायला लागले, पुळ्या जिथल्या तिथे. मग २१ ऑक्टोबरला ऑफिसमधून येताना मी मेडिकलमध्ये थांबले, फोटो दाखवला आणि त्याने ८५ रुपयांची एक ट्यूब काढून दिली. "सगळ्यावर चालतं, दोनदा लावा." चार दिवसांत लाली गेली. मी खूश झाले. रोज दोनदा, अगदी नेमाने लावत राहिले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणं लावताना लक्षात आलं की लाली गेलीय, पण पांढरे दाणे तसेच आहेत आणि त्यांच्या आजूबाजूची कातडी काचेसारखी चकचकीत दिसतेय. तेव्हा कुठे ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. एकाच मलमात तीन औषधं होती : बुरशीचं, जंतूंचं आणि तिसरं जोरदार स्टिरॉइड. अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ साली झालेला आहे, हे मला नंतर कळलं. दुकानदाराने मागितली नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दिवशी ट्यूब बंद केली. भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, नाक आधीपेक्षा लाल झालं होतं. ओवाळताना चिकू मान खाली घालून बसला होता, कारण सोसायटीतल्या एका मुलाने त्याला 'साबुदाणा' म्हणून हाक मारायला सुरुवात केली होती. हे त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या मामेबहिणीकडून कळलं.

त्या आठवड्यात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत होते. तीन भीती मनात बसल्या होत्या. पहिली, नऊ वर्षांच्या मुलाला मुरूम म्हणजे हा लवकर वयात येतोय का. दुसरी, हा मोलस्कम नावाचा संसर्गजन्य प्रकार असेल तर. आणि तिसरी सगळ्यात वाईट. नाक-गालावर बारीक पुळ्या येणारा, फिट्सशी संबंध असलेला ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा जन्मजात आजार असतो, त्याचे फोटो मी बघितले होते. नवरा म्हणत होता, "तू फोन ठेव आणि डॉक्टरांकडे जा." एका ओळखीच्या बाईंनी तर लॅबचं हार्मोन तपासणीचं पॅकेजच पाठवलं, ३,८०० रुपयांचं. मी घरून रक्त घ्यायला या म्हणून नाव नोंदवलं होतं. सासूबाईंनी ते रद्द करायला लावलं. "डॉक्टरने सांगितल्याशिवाय पोराला सुई टोचायची नाही," एवढंच म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

७ नोव्हेंबरला, गुरुवारी, सुट्टी टाकून एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात गेलो. साडेआठला केसपेपरच्या रांगेत उभे राहिलो, सव्वादहाला केसपेपर मिळाला, तो घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो तेव्हा कळलं की त्या दिवशी लहान मुलांची त्वचेची ओपीडी नसते. ती ठरलेल्या वारीच असते आणि तो फलक वर होता, खाली केसपेपरच्या खिडकीवर नव्हता. तिथल्या सिस्टरांनी मात्र नीट समजावून सांगितलं की केसपेपर जपून ठेवा, पुढच्या वेळी नवा काढावा लागणार नाही. जाणार असाल तर आदल्या दिवशी त्या विभागाची वार-वेळ फोन करून विचारा. आम्हाला पुन्हा रजा मिळणं अवघड होतं, म्हणून खाजगी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली. मिळाली ती २० नोव्हेंबरची. मग आठवलं, त्या दिवशी विधानसभेचं मतदान. दवाखाना बंद. शेवटी शनिवार, २३ नोव्हेंबर ठरला.

मधल्या काळात आणखी एक अडचण आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर चिकूची पोहण्याची बॅच सुरू होणार होती. तलावावर फॉर्म भरायला गेलो. आधारची प्रत, दोन फोटो, पैसे, सगळं घेतलं. पण तिथल्या काकांनी चिकूच्या नाकाकडे बघून सांगितलं, "हे पसरणारं नाही असं डॉक्टरांचं लिहून आणा." ते त्यांचं कामच करत होते, पण चिकू सगळं ऐकत उभा होता. जिना उतरताना त्याने विचारलं, "आई, मला हात लावला की दुसऱ्यांना होतं का?" मला उत्तर देता आलं नाही, कारण खरंच माहीत नव्हतं.

२३ नोव्हेंबरला निकालाचा दिवस होता. रस्त्यात ठिकठिकाणी गर्दी, फटाके, गुलाल. मानपाड्याहून नौपाड्यापर्यंत यायला तास लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत चिकूला सतरा-अठरा शिंका आल्या असतील. नाक लाल, डोळ्यांत पाणी. तीच अवस्था घेऊन आम्ही पाऊण तास बाहेर बसलो.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी आधी माझं काही ऐकलंच नाही, चिकूशी बोलत बसल्या. शाळा कुठली, मित्र कोण, पोहायला कधीपासून जातोस. बोलता बोलता तो उजव्या हाताचा तळवा नाकाखाली नेऊन शेंडा वर ढकलत होता, जसा नेहमी ढकलतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे तो दिवसातून किती वेळा करतो?"

मी म्हटलं, "काय?"

"हेच. आत्ता आत आल्यापासून पाच वेळा झालं."

मी नऊ वर्षं त्या पोराला बघतेय. त्याला सर्दी असते, तो नाक चोळतो, हे माहीत होतं. पण त्याची ती एक ठरलेली क्रिया आहे, तळवा खालून वर नेण्याची, हे मला कोणी दाखवेपर्यंत दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, या क्रियेला त्यांच्याकडे 'ॲलर्जीचा सलाम' म्हणतात. नाक खाजलं, चोंदलं की मुलं असं करतात, त्याने दोन क्षण बरं वाटतं. नाकाच्या वरच्या आणि खालच्या कूर्चा, म्हणजे मऊ हाडं, जिथे जुळतात तिथे प्रत्येक वेळी कातडी दुमडते. महिनोन्‌महिने दुमडली की तिथे आडवी घडी पडते. त्यांनी चिकूचा शेंडा बोटाने हलकेच खाली ओढला आणि मला पहिल्यांदा ती घडी दिसली, पेन्सिलीने मारल्यासारखी फिकट रेघ. पाचही पुळ्या बरोबर त्या रेघेवर होत्या.

मग त्यांनी डोळ्याला लावायचं उजेडाचं भिंग घेतलं आणि मलाही बघू दिलं. पांढरे दाणे म्हणजे मिलिया. कातडीचा मेलेला थर बाहेर पडायच्या ऐवजी घडीत अडकतो आणि त्याची बारीक गोळी होते. त्यात पू नसतो, जंतू नसतात. त्यातली एखादी गोळी घासून घासून आतल्या आत फुटली की आजूबाजूला सूज येते आणि ती लाल पुळी मुरमासारखी दिसते. पण मुरूम तेलकट ग्रंथींचा असतो. हा घासण्याचा प्रकार आहे, त्यामुळे मुरमांची औषधं यावर फारशी चालत नाहीत.

माझ्या तिन्ही भीती मी एका कागदावर लिहून नेल्या होत्या. त्यांनी तो कागद घेऊन एकेक वाचलं, हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. मोलस्कमच्या पुळीला मधोमध खळगा असतो, इथे एकीलाही नाही. मुरमांचं म्हणाल तर सात-आठ वर्षांच्या पुढे थोडे मुरूम येणं नेहमीचं असतं. एक ते सात या वयात आले तर मात्र आम्ही हार्मोनकडे बघतो. वयात येण्याची इतर काही लक्षणं आहेत का हे त्यांनी विचारलं, तपासलं. नव्हती. तिसऱ्या भीतीसाठी त्यांनी खोलीतले दिवे घालवले आणि जांभळ्या उजेडाचा दिवा घेऊन चिकूची पाठ, पोट, पाय बघितले. त्या आजारात अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग असतात आणि ते या दिव्यात उठून दिसतात. एकही डाग नव्हता. शिवाय त्या पुळ्या गालांवर दोन्ही बाजूंना पसरतात, एका रेघेत उभ्या राहत नाहीत. दिवे लागले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. चिकू मात्र त्या जांभळ्या उजेडात त्याच्या बनियनचा रंग कसा चमकला हेच सांगत होता.

औषध काय दिलं? जवळजवळ काहीच नाही. ती ट्यूब फेकून द्या. पुळ्या दाबू नका, टोकरू नका, स्क्रब नको, जायफळ-लिंबू-टूथपेस्ट नको. साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर दोनदा. "आधी नाकाचं आतलं बघा. ते शांत झालं की हात थांबेल, हात थांबला की हे कमी होईल. सात आठवड्यांनी या." फी ९०० रुपये, आणि पोहण्यासाठी 'हे संसर्गजन्य नाही' असं पत्र, त्याचे २०० वेगळे. ते पत्र तलावावर परत आलं, कारण त्यांना त्यांच्याच छापील नमुन्यात, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह आणि शिक्क्यासह हवं होतं. तेव्हा आधी नमुना घेऊन जा. आम्हाला दुसरी खेप पडली, डॉक्टरांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. २ डिसेंबरला चिकू पाण्यात उतरला.

आमच्या मागे नणंदेचा मुलगाही त्यांच्याकडे जाऊन आला, कारण चिकूची गोष्ट ऐकून त्याच्या लक्षात आलं की आपलीही हनुवटी हेल्मेटच्या पट्ट्याखालीच बिघडते. तो एकोणीस वर्षांचा, रोज स्कूटरने ऐरोलीला कॉलेजला जातो. त्याचे मात्र खरे मुरूम निघाले, पण उठवलेले पट्ट्याच्या घासण्याने, घामाने आणि दाबाने. पट्टा आठवड्याला धुवायचा, खाली धुतलेला सुती रुमाल बांधायचा, आणि एक जेल. मास्कच्या काळात नाकाच्या दांड्यावर, चश्म्याच्या पॅडखाली अशा कितीतरी तक्रारी येत होत्या, असं डॉक्टर म्हणाल्या. तरुण मुलांच्या तोंडावर पुळी आली तर तिथे रोज काय टेकतं, काय घासतं, हे आधी आठवायचं, ही त्यांची सूचना मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

३० नोव्हेंबरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. फी १,००० रुपये. त्यांनी नाकात उजेड टाकून बघितलं. आतलं अस्तर गुलाबी असायला हवं, ते फिकट, निळसर आणि सुजलेलं होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, ती मी अभ्यास आणि टीव्ही यांच्या माथी मारत होते. रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो का? हो. सकाळी उठल्या उठल्या शिंका? हो, दहा-बारा. वर्षभर? हो. हे सगळं आम्ही 'ठाण्याची हवा' म्हणून सोडून दिलं होतं. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम चालू, खिडकीच्या पट्टीवर दुपारपर्यंत धुळीचा थर, मग नाक वाहणारच, असं वाटायचं.

त्यांनी नाकात मारायचा स्प्रे दिला, रोज सकाळी एकेका नाकपुडीत एकदा. त्यातही स्टिरॉइड आहे हे कळल्यावर सासूबाई घाबरल्या, मीही घाबरले. नुकतंच एकदा पोळलो होतो. डॉक्टरांनी समजावलं की हा डोस फार लहान असतो, काम जागच्या जागी होतं, रक्तात अगदी थोडा जातो. तरी लहान मुलाची उंची ते दर भेटीला मोजतात. त्या दिवशी १३१.५ सेंटिमीटर भरली, ती फाइलवर लिहिली.

स्प्रे मारायची पद्धत त्यांच्या सिस्टरांनी शिकवली आणि ती नीट लिहिते, कारण पहिल्या आठवड्यात चुकीच्या पद्धतीमुळे चिकूच्या नाकातून दोनदा रक्त आलं. नाक आधी शिंकरून मोकळं करायचं. मान मागे टाकायची नाही, हनुवटी जरा खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेर, कानाच्या बाजूला वळतं. मधल्या पडद्यावर मारलं की तिथे जखम होते. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात जातं. आणि दुसऱ्याच दिवशी फरक दिसेल अशी आशा धरायची नाही. आम्हाला थोडा फरक आठ दिवसांनी आणि चांगला फरक चौथ्या आठवड्यात दिसला. स्प्रेआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, त्याची बाटली आणि पुड्या ३५० रुपयांना आल्या. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको.

कशाची ॲलर्जी हे बघायला १४ डिसेंबरला चाचणी झाली, ४,२०० रुपये. या चाचणीआधी सात दिवस सर्दीची गोळी किंवा सिरप बंद ठेवावं लागतं, नाहीतर निकाल चुकतो. स्प्रे चालू ठेवला तरी चालतो. तो आठवडा आमची परीक्षा होता. चिकू रात्री तीनला उठून बसायचा, नाक बंद, चिडचिड. चाचणी मात्र सोपी. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे काढून थेंब ठेवले, प्रत्येक थेंबातून एक बारीक टोचणी. मुंगी चावल्यासारखं, असं तो म्हणाला. मग वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. आठव्या मिनिटाला दोन जागी गांधी उठली. पट्टीने मोजून लिहिलं : घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे ७ मिलिमीटर, झुरळ ४ मिलिमीटर. परागकणांचं काहीच उठलं नाही. ज्या मेट्रोच्या धुळीला मी दोष देत होते ती त्रास वाढवत असेल, पण मूळ दुखणं आमच्या गादीत होतं. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीवर जगतात, दमट हवा त्यांना मानवते, आणि ॲलर्जी असते ती त्यांच्या विष्ठेची.

आता घरातली सगळ्यात अवघड गोष्ट. चिकू जन्मल्यापासून एका गोधडीत झोपतो. सासूबाईंच्या आईच्या लुगड्यांची ती गोधडी, आत चार-पाच थर, जड, मऊ. तिची एक कड नाकाशी धरल्याशिवाय त्याला झोप येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंथरूण-पांघरूण आठवड्याला साठ अंश गरम पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते मुलाच्या खोलीतून काढा. ही गोधडी वर्षातून एकदा, उन्हाळ्यात धुतली जायची, कारण आतून वाळायला तीन दिवस लागत. मी ती माळ्यावर टाकली. त्या रात्री चिकू रडला, सासूबाई जेवल्या नाहीत. मी सरळ बोलले होते, "आई, त्याच्या नाकाचं कारण हीच आहे." तसं बोलायला नको होतं. त्यांच्या आईच्या हातचे टाके होते त्यात.

तीन दिवसांनी ऑफिसमधून आले तर त्या बाल्कनीत मास्क लावून बसल्या होत्या, पुढ्यात गोधडी, हातात छोटी कात्री. एकेक टाका उसवत होत्या. आठवडाभर ते काम चाललं. थर सुटे केले, प्रत्येक लुगड्याचा तुकडा गरम पाण्यात धुतला, उन्हात वाळवला. विरलेले तुकडे बाजूला काढले आणि उरलेल्यातून दोनच थरांची नवी पातळ गोधडी शिवली, मशिनमध्ये मावेल आणि एका दिवसात वाळेल अशी. पुन्हा हातानेच, आईच्यासारखे लांब टाके घालून. २९ डिसेंबरला ती चिकूला मिळाली. तेव्हापासून दर रविवारी ती धुतली जाते.

बाकीचे बदल लवकर झाले. गादीला आणि उशीला चेन असलेले घट्ट विणीचे अभ्रे, १,९०० आणि ४५०. केरसुणी बंद, ओल्या फडक्याने पुसणं. मऊ खेळणी एका पेटीत. झुरळांसाठी स्वयंपाकघरात जेल लावून घेतलं, फवारणी नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आणि हाताचं काय? सुरुवातीला घरात सगळे ओरडायचे, "चिकू, हात!" त्यामुळे तो लपून करायला लागला. नाकाच्या डॉक्टरांनी २८ डिसेंबरच्या भेटीत सांगितलं, ओरडू नका, मोजा. मग एक वही केली. संध्याकाळी सहा ते नऊ, तो स्वतःच रेघा मारायचा. पहिल्या संध्याकाळी ४१. नाक खाजलं की रुमाल नाकपुडीच्या बाजूने दाबायचा, वर ढकलायचं नाही, हे त्याने स्वतः ठरवलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा १५वर आला. संक्रांतीला पतंग उडवायला गेला त्या दिवशी वही घरीच राहिली, आणि त्याला आठवणही आली नाही.

११ जानेवारीला त्वचेच्या डॉक्टरांकडे. लाल पुळ्या दोन्ही गेल्या होत्या. पांढरा एक दाणा आपोआप गळून पडला होता, दोन होते. हवं तर बारीक सुईने काढून देते म्हणाल्या, १,२०० रुपये. चिकूने मान हलवून नाही म्हटलं. त्यांनीही आग्रह केला नाही, ते राहिले तरी काही बिघडत नाही.

पैशांचं एक सांगायचं राहिलं. आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडी नाही, पण नवऱ्याच्या कंपनीत वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत बाहेरच्या उपचारांचे पैसे मिळतात. १७ जानेवारीला ७,५८० रुपयांची बिलं दिली. ५ फेब्रुवारीला सगळी परत आली, शेरा : 'सौंदर्योपचार, पात्र नाही.' नवरा सोडून द्यायला निघाला होता. मी कागद काढून बघितले तर पहिल्या चिठ्ठीवर निदानाच्या जागी फक्त 'नाकावरील पुळ्या' असं होतं. नाकाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र ॲलर्जीच्या सर्दीचं निदान स्पष्ट होतं. त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घेतलं की त्वचेचा त्रास या आजारातूनच आलेला आहे, त्यावर नोंदणी क्रमांक आणि तारीख, सोबत चाचणीचा अहवाल, मूळ पावत्या, रद्द केलेला चेक. ७ फेब्रुवारीला पुन्हा दिलं. त्यांच्याकडे बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांची मुदत असते, आमचं पहिलं बिल त्यात बसलं. ३ मार्चला ६,००० जमा झाले. चिठ्ठीवर निदान लिहून घ्यायला दवाखान्यातून निघण्यापूर्वीच सांगा. एकूण खर्च बारा हजारांच्या जवळपास झाला.

काल, २९ मार्चला, शेवटची भेट होती. एक दाणा उरलाय. रेघ अजून आहे, उजेडात नाक वाकडं केलं की दिसते, आणि कदाचित राहीलही, असं डॉक्टर म्हणाल्या. काही घरांत ती वारशानेच येते. उंची १३३.५. वहीत परवाच्या संध्याकाळी चार रेघा होत्या.

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं, तर त्या उठल्या आणि कपाटातून माझ्या नवऱ्याच्या मुंजीचा फोटो घेऊन आल्या. डोक्यावर घेरा, हातात दंड आणि नाकावर बरोबर त्याच जागी तीच आडवी रेघ. हा माणूस लग्नापासून रोज सकाळी दहा शिंका देतो आणि मी त्याला चहात आलं घालून देते. आज पाडवा. गुढी उभारून झाल्यावर त्याने स्वतःच फोन करून शनिवारची वेळ घ्यायला सांगितलंय. चिकूने त्याच्यासाठी नवी वही काढून ठेवली आहे.